ठराव लिहिण्याआधी एकदा बरडावर या

विदर्भातल्या गावोगावच्या सरपंचताई, सरपंचभाऊ, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेत हात वर करणाऱ्या सगळ्या बायामाणसांना,

सप्रेम नमस्कार.

१ मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे. आसपासच्या चार-पाच गावांच्या विषयपत्रिका मी पाहिल्या. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दोन-तीन विषयांत एक विषय तोच आहे: गावाची ई-क्लास, म्हणजे ढोरांच्या चराईची सरकारी जमीन, अमुक कामासाठी देण्यास मंजुरी. कुठे सौर प्रकल्प, कुठे मुरूम, कुठे गोदाम. हा विषय येतो तेव्हा घरकुलाची यादी वाचून झालेली असते, बाया स्वयंपाकाला उठून गेलेल्या असतात आणि माणसं चपला शोधत असतात. दोन मिनिटांत 'मंजूर, मंजूर' होतं आणि गावाची पन्नास-साठ एकर जमीन जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. पाच वर्षं मी स्वतः ग्रामपंचायत सदस्य होते आणि असाच एक ठराव माझ्या सहीने झाला आहे.

माझी यवतमाळ जिल्ह्यात पाच एकर कोरडवाहू शेती आहे. पराटी म्हणजे कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. एक विहीर, एक गाय, तीन शेळ्या. बैलजोडी होती, ती चार वर्षांपूर्वी विकली. गावाच्या उगवतीला ऐंशी एकर ई-क्लास आहे, आम्ही तिला नुसतं 'बरड' म्हणतो. एका रस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता. त्यासाठी बरडातली बावीस एकर द्यायची आणि बदल्यात शाळेला कंपाऊंड मिळेल, असं ठरलं. बैठकीत मी विचारलं होतं, "तिथे आहे काय आता?" कुणीतरी म्हणालं, "काही नाही, पडीक आहे." कागदावरही पडीक असंच लिहिलेलं होतं. मी सही केली.

लग्न होऊन आल्यापासून त्याच बरडावरून मी सरपण आणत होते. पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी तिथूनच खुडत होते, श्रावणात काटवलं शोधत होते. पोळ्याच्या पाडव्याला दारात रोवायचे पळसाचे मेढे तिथूनच यायचे. आमची गाय रोज सकाळी गोठाणावरून, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या जागेवरून, तिकडेच जायची आणि संध्याकाळी पोट भरून परत यायची. हे सगळं माहीत असून मी 'तिथे आहे काय' असं विचारलं. कागदावर एखाद्या जमिनीचं नाव पडीक लिहिलेलं असलं की आपलं डोळ्यांनी पाहिलेलंही आपल्याला आठवत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. ती सही माझी आहे आणि तिचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही.

बावीस एकरांतला मुरूम नऊ-दहा फूट उपसला गेला. खाली मांजऱ्या, म्हणजे मुरमाखालचा ठिसूळ दगड, लागला, काही ठिकाणी काळा पाषाण उघडा पडला. माझं वावर त्या उतारावर दोन धुरे, म्हणजे दोन बांध, खाली आहे. पूर्वी आमच्या विहिरीवर होळीपर्यंत मोटर तासभर तरी चालायची. आता महाशिवरात्रीलाच फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. या काळात शिवारात बोअरही वाढल्या, त्यामुळे सगळा दोष त्या खड्ड्याचा असं मी म्हणत नाही. पण उताराच्या पलीकडच्या अंगाला, जिथे बरड शाबूत आहे, तिथे खालच्या तीन विहिरींचं पाणी एवढं लवकर हटलेलं नाही. बोअर तिकडेही आहेत.

पाणलोटाच्या एका प्रशिक्षणात आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली होती. तुपाचा जुना गोल डबा घ्यायचा, दोन्ही बाजूंनी कापायचा, जमिनीत चार बोटं ठोकायचा आणि वरून एक लिटर पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते पाहायचं. गेल्या मे महिन्यात मी आणि आमचे ढोरकीबाबा, म्हणजे गावची ढोरं चारणारे बाबा, डबा आणि पाण्याची कॅन घेऊन बरडावर गेलो. आधी पवन्याच्या गवतात डबा ठोकला. गवत वाळून पिवळं पडलेलं, वरून मेलेलंच दिसत होतं. पाणी ओतलं. आधी बुडबुडे आले, मग पाणी गुळण्या केल्यासारखं आवाज करत खाली जायला लागलं. आठ मिनिटांत डब्याचा तळ दिसला. मग तोच डबा मुरूम उपसलेल्या जागी नेला. तिथे ठोकताना दगडाने डब्याची कड वाकली. पाणी ओतलं आणि आम्ही हिवराच्या सावलीत जाऊन बसलो. बाबांनी भाकर खाल्ली, पान खाल्लं, दोन बकऱ्या हाकलून आले. तासाभरानंतरही डब्यात अर्धं पाणी होतं. बाबा म्हणाले, "तिकडं जमीन पाणी पेते वहिनी. इकडं नुसती पाहत रायते."

आपला बहुतेक भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या दगडाच्या पोटात पाणी वाळूतल्यासारखं साठत नाही. ते राहतं वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. खालची भारी काळी जमीन पाऊस लागला की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि वरचं पाणी वाहायला लागतं. ती स्वतःपुरती ओल धरून ठेवते, पण विहिरीकडे फारसं जाऊ देत नाही. आपण जिला हलकी, बरड, मुरमाड म्हणून हिणवतो ती उंचावरची जमीनच पाणी आत घेते आणि खालच्या विहिरींना, नाल्याला, झऱ्यांना देते. तीही केव्हा, तर तिच्यावर गवत असेल तेव्हा. गवताचं पातं पावसाच्या थेंबाचा मार झेलतं. मुळं दरवर्षी काही मरतात, काही नवी फुटतात आणि मेलेल्या मुळांच्या जागी बारीक नळ्या राहतात. मुंग्या, वाळवी, शेणकिडे जमीन पोकळ करत राहतात. त्या नळ्यांतून आमच्या डब्यातलं पाणी आठ मिनिटांत गेलं.

एक हिशोब तुम्हीच करून पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरभर जमिनीवर साधारण ४ हजार लिटर पाणी. चाळीस मिलिमीटरचा एक चांगला पाऊस आमच्या ऐंशी एकर बरडावर पडला तर ते जवळपास १ कोटी ३० लाख लिटर होतं. १२ हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर हजारावर टँकर, एका पावसात. त्यातलं किती विहिरींकडे जाईल आणि किती माती घेऊन नाल्यात जाईल, हे वर गवत आहे की उघडा खडक आहे यावर ठरतं. त्याच गावात मग एप्रिलमध्ये आपण टँकरचा प्रस्ताव पाठवतो.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. माथा ते पायथा हे पाणलोटाचं जुनं सूत्र आहे. आधी वरची जमीन, तिच्यावरचे चर, झाडं आणि गवत, मग उतार, आणि सगळ्यात शेवटी नाला. आपल्या गावांत काम मात्र बहुतेक पायथ्यालाच झालं, कारण पोकलेन नाल्यात उतरतो आणि बिल तिथे मोजता येतं. नाला खोल केला, फोटो काढले. माथा उघडाच राहिला, तेव्हा दोन पावसाळ्यांत खोलीकरण गाळाने भरलं आणि पुन्हा पोकलेन आला. मी स्वतः त्या कामाच्या पूजनाला नारळ फोडला आहे. पाणी अडवायला पाहिजेच, पण वरून येणारी माती कोण अडवणार, हे आम्ही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

आता चाऱ्याचं सांगते. माझे सासरे ज्वारी पेरायचे. कडबा एवढा व्हायचा की त्याच्या गंज्या घरापेक्षा उंच असायच्या. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. २००२ साली बीटी कापूस आला आणि उरलेल्या वावरात पराटी वाढली. सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, ढोर जगतं, पण कडब्याची सर त्याला नाही. म्हणजे वावरातला चारा संपत गेला तसा बरडातल्या गवताचा भार वाढत गेला, आणि नेमकी त्याच वर्षांत आपण बरड विकासकामांना देत सुटलो.

२००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा हे सहा जिल्हे होते. आत्महत्या थांबाव्यात म्हणून ते पॅकेज होतं. त्या काळात अनुदानावर दुधाळ गायी वाटल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण गाय दिली आणि तिच्या पुढ्यात काय टाकायचं याचा विचार झाला नाही. कित्येकांना त्या गायी पोसवल्या नाहीत, त्यांनी विकून टाकल्या. चाऱ्याची जमीन ही दुधाच्या योजनेची पहिली पायरी असते, हे त्या गायी दाखवून गेल्या.

राज्यात २०१२ च्या पशुगणनेत दीड कोटीच्या वर गायबैल होते. २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. आमच्या गोठाणावर पूर्वी सकाळी उभं राहायला जागा नसायची, आता पन्नास-साठ ढोरं जमतात. ढोर गेलं म्हणजे शेणखत गेलं. गेल्या वर्षी मी शेणखताची ट्रॉली साडेतीन हजारांना घेतली, तीही दुसऱ्या गावाहून. ढोर दिवसभर बरडावर चरतं आणि रात्री गोठ्यात शेण टाकतं, म्हणजे बरडाचा कस तेच रोज पायी चालत आपल्या वावरात आणतं. त्यासाठी कुणाला बिल द्यावं लागत नाही, म्हणून ते कुठल्या हिशोबात धरलं जात नाही.

ऑगस्ट २०२३ तुम्हाला आठवत असेल. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. सोयाबीन फुलावर होतं आणि तीन आठवडे आभाळ कोरडं. फुलं गळाली, जे वाचलं त्याच्यावर पुढे पिवळा मोझॅक आला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात विदर्भातले दोनच, बुलडाणा आणि लोणार. नंतर महसूल मंडळांची यादी आली, तो भाग वेगळा. त्या ऑगस्टात आमच्या गल्लीतली एक बाई, नवरा नाही, जमीन नाही, चार शेळ्या आहेत, मला म्हणाली, "सोयाबीन गेलं तं निंदणही गेलं. आता बकऱ्याच." वावरात मजुरी नव्हती. पण बरडावरचं गवत एकदा पावसाने उठलं होतं. त्याची मुळं जुनी आणि खोल असल्यामुळे ते तीन आठवड्यांच्या उघाडीने करपलं नाही. पवन्या, शेडा, मारवेल पिवळे पडले, पण उभे राहिले. तिच्या शेळ्या त्यावर जगल्या. दिवाळीच्या आधी तिने एक बोकड साडेसात हजारांना विकला, किराणा भरला, पोरीची परीक्षा फी भरली. त्या वर्षी तिच्या घरात तेवढंच उत्पन्न आलं आणि ते पडीक जमिनीतून आलं.

आपण दरवर्षी पिकांची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज, काढतो. पन्नास पैशांच्या आत आली की बाहेर आली, यावर महिनाभर भांडतो, ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारीची वाट पाहतो. गवताची पैसेवारी कुणी काढत नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचं नुकसान मोजलं जातं. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत त्याचा दुष्काळ बरडावर पडतो आणि तो कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. सरपंचताई, तुमच्या गावात अशी किती घरं आहेत, ती एकदा मोजा. जमीन नसलेली, शेळ्या असलेली. तो आकडा ठरावाच्या कागदाला जोडा.

प्रशिक्षणात साहेबांनी आम्हाला 'परिसंस्था सेवा' हा शब्द सांगितला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००५ साली जगभरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तो सरकारी कागदांत आला म्हणे. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पाणी जिरवणं, माती धरून ठेवणं, चारा, सरपण, भाजी, मोहफूल, मधमाश्यांनी तुरीच्या फुलांवर बसणं, ही सगळी कामं निसर्ग करतो आणि आपण मजुरी देत नाही. मला तो शब्द एका कारणासाठी आवडला. त्यात जमीन काम करते असं म्हटलं आहे. पडीक या शब्दात ती नुसती पडलेली आहे.

आता हे पडीक नाव मुळात आलं कुठून, तेही पाहा. वऱ्हाडात इंग्रजांच्या जमाबंदीने जमिनीचे वर्ग पाडले. ज्या जमिनीतून सारा येतो ती कामाची, बाकीची पडीक. सरकारच्या तिजोरीला ती पडीक होती, गावाला कधीच नव्हती. पूर्व विदर्भ मध्य प्रांतात होता, तिथे निस्तार पत्रकात गावाचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे हक्क नोंदवलेले आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाचीही तीच गत. नाव झुडपी, म्हणून किंमत नाही. शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ८६ हजारांवर हेक्टरला वन मानलं. तिकडच्या सरपंचांनी तो निकाल कुणाकडून तरी नीट समजावून घ्यावा, त्यात १९९६ च्या आधीची घरं आणि वापर यांचाही विचार आहे.

पक्ष्यांचं थोडं सांगते. तुरीत, हरभऱ्यात घाटेअळी आली की कृषी विद्यापीठाचे लोक पक्षीथांबे लावायला सांगतात. मी लावले, बांबूचे, इंग्रजी टी अक्षरासारखे. कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात, अळ्या टिपतात. पण थांबा हा दिवसाचा बसायचा पाट झाला. रात्री ते राहतात कुठे, पिलं कुठे घालतात? बरडावरच्या हिवरावर, बाभळीवर, पळसावर. ती झाडं गेली तर माझ्या थांब्यावर कोण येणार? मग मी फवारा मारणार. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीने किती घरांतली माणसं गेली, ते इथे पुन्हा लिहायची गरज नाही. अकोला-वाशिमच्या भागात फासेपारधी समाजाच्या बांधवांनी गवताळ रानं राखली आहेत. तिथे पावसाळ्यात तणमोर येतो. जगातून संपत चाललेला पक्षी आहे तो. त्या रानांवरही कागदात पडीक असंच लिहिलेलं असतं.

सौर प्रकल्पाबद्दल माझं म्हणणं नीट ऐका, कारण यावरून मला दोन ठिकाणी विकासविरोधी म्हटलं गेलं. आम्हाला दिवसा वीज पाहिजे. रात्री दोनला ओलित करायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाच्या बायकोला झोप येत नाही, ते मी भोगलं आहे. साप आहे, रानडुक्कर आहे, काही भागांत वाघ आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे आणि ती व्हावी. पण त्याच योजनेत खासगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे. शासकीय जमीन मात्र नाममात्र भाड्याने जाते. मग प्रकल्पवाले आधी कुठे बोट ठेवणार? आपल्या गावात असे शेतकरी आहेत ज्यांची पोरं पुण्याला गेली, वावर वर्षानुवर्षं पडून आहे. त्यांना ते भाडं मिळू द्या. खरी पडीक ती आहे. बरडावर गवत उभं आहे आणि त्यावर दोनशे तोंडं जगतात.

दुसरं, माझ्या बोलण्याचा कुणी असा अर्थ काढू नये की बरडाच्या कडेला दोन एकर वाहून पोट भरणाऱ्या भूमिहीन घराला हाकलून लावा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, तो याच पोटासाठी होता. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने पुढे घेतला. त्या घरांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्यांच्या बाजूने सुटला पाहिजे. ई-क्लास वाचवायची म्हणून गरिबाच्या झोपडीवर बुलडोझर आणि बड्याच्या गोदामाला ठराव, हे मी काही गावांत पाहिलं आहे. त्याला माझी साथ नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे, तो ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आहे. गुरचरणाची जमीन दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. केंद्राचा किंवा राज्याचा सार्वजनिक प्रकल्प असेल आणि दुसरी योग्य सरकारी जमीन मिळतच नसेल, तर अपवाद; इतर प्रकल्पाला ती अटळपणे लागत असेल, तर बदल्यात दुसरी जमीन दिल्यावरच. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींबद्दल निकाल दिला आणि त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्याने शासन निर्णय काढला. ग्रामसेवक साहेबांकडे प्रत मागा. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती घ्या, नुसत्या रजिस्टरवर सह्या घेऊ नका. सरपण, शेळ्या आणि पाणी या तिन्ही गोष्टी बायांच्या डोक्यावर आहेत, आणि बरडाबद्दल त्यांना जे माहीत आहे ते पुरुषांना निम्मंही माहीत नाही. आणखी एक: तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही कागदावर असणारच, कायदाच आहे २००२ चा. ती नोंदवही कपाटातून काढा. आमच्याकडची काढली तेव्हा तिच्यात बरडावरचं एकही गवत नव्हतं. ढोरकीबाबांनी आम्हाला एका सकाळी अकरा गवतं नावानिशी दाखवली. कुठलं गाय खाते, कुठलं फक्त कोवळं असताना, कुसळी कधी काढून टाकायची म्हणजे शेळीच्या तोंडात टोचत नाही, सगळं.

गावाने ठरवलं तर काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. अचलपूर तालुक्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर आहे. तिथल्या ग्रामसभेला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेला डोंगर उघडा होता. लोकांनी चराईवर आणि कुऱ्हाडीवर स्वतःच बंधन घातलं, चर खोदले, झाडं लावली. आज तिथली सीताफळं बाजारात जातात, आणि २०१४ साली त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे, बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात २०११ साली आला. याच्या उलटही आपल्याच विदर्भात आहे. भंडारा-गोंदियाकडचे तलाव कोहळी समाजाने बांधले, पिढ्यान्पिढ्या सांभाळले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, ते योग्यच झालं, पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचं नावच 'मामा तलाव' पडलं, माजी मालगुजारी. गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी बांधायची, हे विचारायलाच कुणी उरलं नाही. अलीकडे काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायांनी पुढे होऊन तलावात पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे परत दिसायला लागले.

माझी तुमच्याकडे मागणी फार नाही. या १ मेला ई-क्लासचा विषय विषयपत्रिकेवर असेल तर तो पहिला घ्या, लोक बसलेले असताना. त्या जमिनीवर कुणाची किती ढोरं, किती शेळ्या चरतात, खाली कुणाच्या विहिरी आहेत, ते नावानिशी वाचून दाखवा. गावाच्या ढोरक्याला सभेत बोलवा आणि खुर्ची द्या, त्याला मागे उभं ठेवू नका. आणि ज्यांनी ठरावाला सूचक व्हायचं आहे त्यांनी आधी एकदा ती जमीन पायी फिरून यावं.

आमच्या बावीस एकरांच्या खड्ड्याचंही काम करायचं आहे. कडा सावरून मातीचा थर टाकायचा, पावसाच्या तोंडावर पवन्याचं आणि मारवेलचं बी फेकायचं आणि तीन वर्षं तेवढ्या भागात चराईबंदी ठेवायची, असा विषय मी अर्ज करून टाकला आहे. रोजगार हमीतून ते काम बसतं. गवत यायला वेळ लागेल. मुरूम काही परत येणार नाही, पण वरून वाहून जाणारं पाणी थोडं तरी थांबेल.

आमच्या गावात ३० एप्रिलला सकाळी सहा वाजता गोठाणावर जमायचं ठरलं आहे. सरपंचताईंनी येते म्हटलं आहे, दोन सदस्यही येणार आहेत. डबा माझ्याकडे आहे, पाण्याच्या कॅन शाळेतली पोरं आणणार आहेत. शेजारच्या गावातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनीही यावं. ढोरकीबाबांनी बरोबर सहालाच निघायला सांगितलं आहे, उन्हं चढली की ढोरं थांबत नाहीत म्हणाले.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक कोरडवाहू शेतकरी
(माजी ग्रामपंचायत सदस्य)